ज्येष्ठांच्या मेडिक्लेमची तुलना: हप्त्याचा आकडा सगळ्यात शेवटी

आईवडिलांसाठी मेडिक्लेम शोधायला बसलं की बहुतेक जण थेट वेबसाइट उघडतात, वय टाकतात आणि समोर आलेल्या पाच-सहा हप्त्यांतला कमीत कमी हप्ता निवडतात. काही जण बँकेतल्या किंवा सोसायटीतल्या ओळखीच्या एजंटवर सोपवून मोकळे होतात. तिशीतल्या माणसाचं यात फारसं बिघडत नाही. पासष्टीच्या पुढे मात्र हीच पद्धत महागात पडते, कारण या वयात दोन पॉलिसींमधला खरा फरक हप्त्यात नसतो, अटींमध्ये असतो. शिवाय पुण्यातल्या कितीतरी घरांत निवृत्तीबरोबर मिळालेली किंवा सरकारी योजनेतली सोय आधीच असते आणि ती कुणी वापरातच आणलेली नसते.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. आधी घरात काय आहे ते बघायचं, मग तब्येत, मग रुग्णालय आणि खोली, मग अटी, आणि त्यानंतर हप्ता. शांतपणे केलं तर दोन-तीन आठवडे लागतात. जुनी पॉलिसी चालू असेल तर नूतनीकरणाच्या तीन महिने आधी सुरुवात करा. त्याचं कारण पायरी ४ मध्ये येईल.

## पायरी १: घरात आधीपासून काय आहे?

एक कोरा कागद घ्या आणि आई, बाबा अशा दोघांच्या नावाने दोन रकाने करा. आता पुढच्या गोष्टी एकेक करून तपासा.

निवृत्तीची सोय. केंद्र सरकारच्या नोकरीतून, म्हणजे उदाहरणार्थ खडकी किंवा देहूरोडच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांना सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) घेता येतं. निवृत्तीच्या वेळी घ्यायचं राहून गेलं असेल तर आता चौकशी करा. दरवर्षी वर्गणी भरता येते, किंवा दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून आयुष्यभराचं कार्ड काढता येतं. लष्करातून निवृत्त झालेल्यांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे आणि पुण्यात त्याची पॉलिक्लिनिकं आहेत. बँकेतून निवृत्त झालेल्यांना गट पॉलिसी मिळते, पण तिचा हप्ता स्वतःच्या खिशातून जातो आणि तो गेल्या काही वर्षांत बराच वाढला आहे. महापालिका, राज्य शासन, विद्यापीठ, एमएसईबी अशा ठिकाणांहून निवृत्त झालेल्यांनी जुन्या कार्यालयातल्या आस्थापना विभागात एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारावं. फोनवर ही माहिती नीट मिळत नाही.

मुलाच्या किंवा मुलीच्या कंपनीची गट पॉलिसी. हिंजवडी, मगरपट्टा, खराडीच्या बऱ्याच कंपन्यांमध्ये आईवडिलांना त्यात घेता येतं. आधीपासूनच्या आजारांनाही बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण असतं, त्यामुळे ती जरूर घ्या. पण ती नोकरीला बांधलेली आहे. नोकरी गेली की ऐन बहात्तराव्या वर्षी आईवडील उघड्यावर येतात. तिच्या भरवशावर स्वतंत्र पॉलिसी बंद करू नका.

७० पूर्ण झालेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरच्या प्रत्येकाला आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. उत्पन्नाची अट नाही, हप्ता नाही आणि वेटिंग पीरियड, म्हणजे संरक्षण सुरू होईपर्यंत थांबायचा काळ, तोही नाही. कोथरूडला स्वतःचा फ्लॅट आहे, पेन्शन आहे, म्हणून आपण त्यात बसत नाही असं समजणारे पुष्कळ आहेत. तो गैरसमज आहे. वय आधार कार्डावरून धरलं जातं. आयुष्मान अ‍ॅपवर घरबसल्या नोंदणी होते. बोटांचे ठसे उमटत नसतील तर ओटीपी किंवा चेहऱ्याच्या पडताळणीचा पर्याय निवडा.

या कार्डाबद्दल तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा. नवरा-बायको दोघंही ७० च्या पुढचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून असतात. उपचार फक्त योजनेतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या पॅकेजनुसार होतात, त्यामुळे बाहेरच्या तपासण्या आणि महिन्याची औषधं त्यात येत नाहीत. आणि सीजीएचएस किंवा ईसीएचएस असलेल्यांना दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. त्यांनी घाईने काहीही बदलू नये, कारण त्यांची आहे ती सोय बहुतेक वेळा जास्त चांगली असते. खासगी मेडिक्लेम असणाऱ्यांना मात्र मेडिक्लेम आणि हे कार्ड दोन्ही ठेवता येतात.

७० च्या आतल्यांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. जुलै २०२४ पासून ती पांढऱ्या शिधापत्रिकेवरही लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते. शिधापत्रिकेवर आईवडिलांची नावं आहेत ना आणि ती आधारशी जुळतात ना, ते बघा. हेल्पलाइन १५५३८८, आणि आयुष्मान भारतची १४५५५.

> तपासा: घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरचं कोणतं रुग्णालय या योजनांच्या यादीत आहे आणि कोणत्या विभागासाठी आहे? यादीत नाव असलं तरी सगळ्या शस्त्रक्रिया तिथे योजनेतून होतातच असं नाही. त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) भेटून हृदय, गुडघा, मूत्रपिंड, कर्करोग यांबद्दल एकेक करून विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.

सरकारी कार्ड आहे म्हणून मेडिक्लेम नकोच, असं मी म्हणणार नाही. ज्या डॉक्टरांकडे वडील पंधरा वर्षं जातात ते ज्या रुग्णालयात बसतात, ते या योजनेत नसण्याची शक्यता मोठी आहे. पण हे कार्ड हाताशी असलं की मेडिक्लेम किती रकमेचा घ्यायचा, हा हिशेब बदलतो.

## पायरी २: तब्येतीचं टिपण तयार करा

हे काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच बहुतेक जण ते टाळतात. दावा नाकारला जातो तेव्हा त्याचं मूळ मात्र बहुधा इथेच सापडतं.

घरातली जुनी फाइल काढा. डिस्चार्ज कार्डं, ईसीजी, टूडी एको, साखरेचे आणि क्रिएटिनिनचे रिपोर्ट वर्षानुसार लावा. मग औषधांचा डबा टेबलावर रिकामा करा आणि प्रत्येक पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. मेटफॉर्मिन म्हणजे मधुमेह, टेलमिसार्टन किंवा अ‍ॅमलोडिपिन म्हणजे रक्तदाब, थायरॉक्सिन म्हणजे थायरॉइड. "मला काही आजार नाही, एक बीपीची गोळी तेवढी घेतो," असं सांगणाऱ्या काकांच्या डब्यात तीन वेगळ्या आजारांच्या पट्ट्या निघतात. एखादी गोळी कशासाठी आहे ते घरात कुणालाच सांगता येत नसेल, तर फॅमिली डॉक्टरांना विचारून पुढे लिहा.

आता एकेका आजारासमोर निदान कधी झालं ते महिना आणि वर्षासकट लिहा. अंदाजाने नाही, कागद बघून.

या तारखेवर मी एवढा जोर का देतो ते सांगतो. रात्री दोन वाजता वडिलांना छातीत दुखतंय म्हणून दाखल करतात. कॅज्युअल्टीतले तरुण डॉक्टर विचारतात, "बीपी किती वर्षांपासून?" मुलगा घाबरलेला असतो. तो म्हणतो, "असेल की दहा-बारा वर्षं." डॉक्टर केस पेपरवर १२ वर्षं लिहून टाकतात. प्रत्यक्षात निदान चार वर्षांपूर्वीचं असतं आणि अर्जातही चारच वर्षं लिहिलेली असतात. दाव्याची छाननी करणारा माणूस तो केस पेपर वाचतो आणि आजार लपवल्याचा शेरा मारतो. मग मूळ निदानाचा कागद शोधून ते खोडून काढण्यात महिने जातात.

म्हणून या टिपणाची एक प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि एक फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा. रुग्णालयात कुणीही विचारलं तर ते वाचून दाखवायचं, आठवून सांगायचं नाही.

## पायरी ३: रुग्णालय आणि खोली ठरवा

आजारी पडल्यावर तुम्ही खरोखर कुठे जाल अशी तीन रुग्णालयं लिहा: एक घराजवळचं, एक मोठं, आणि एक तुमचे नेहमीचे डॉक्टर जिथे जातात ते. सिंहगड रोडला राहणाऱ्याने नगर रोडचं रुग्णालय पहिल्या क्रमांकावर ठेवण्यात अर्थ नाही. संध्याकाळच्या रहदारीत तिथे पोचायला किती वेळ लागतो ते आपल्याला माहीत आहे.

तिथल्या बिलिंग किंवा एस्टिमेट खिडकीवर जा. सेमी-प्रायव्हेट खोलीचं एका दिवसाचं भाडं किती, आणि मोतीबिंदू, एका गुडघ्याचं सांधेरोपण, एका स्टेंटची अँजिओप्लास्टी या तीन गोष्टींचा त्या खोलीतला अंदाजे खर्च किती, एवढं विचारा. बरीच रुग्णालयं अंदाजपत्रक छापून देतात. तीन ठिकाणचे आकडे जमले की विमा रक्कम किती हवी हे एजंटने सांगायची गरज उरत नाही.

त्याच फेरीत टीपीए डेस्कवर, म्हणजे रुग्णालयातल्या विम्याच्या खिडकीवर, विचारा की कोणकोणत्या कंपन्यांचं कॅशलेस (कंपनीने बिल थेट रुग्णालयाला भरणं) इथे सध्या चालू आहे. 'सध्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. रुग्णालय आणि विमा कंपनी यांच्यात दरांवरून बिनसतं आणि कॅशलेस मधूनच बंद होतं. कंपनीच्या वेबसाइटवरची यादी त्या मानाने मागे असते.

> इशारा: उत्पन्न कमी असलेल्या घरांनी आणखी एक गोष्ट विचारावी. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. रुग्ण आत असताना तो काढायला धावणं फार अवघड जातं.

## पायरी ४: जुनी पॉलिसी असेल तर

जुनी पॉलिसी नसेल तर थेट पायरी ५ वर जा.

पुष्कळ घरांत सरकारी विमा कंपनीची दोन-तीन लाखांची जुनी पॉलिसी असते. रक्कम तुटपुंजी वाटते म्हणून मुलं ती सोडून नवी चकचकीत पॉलिसी घेतात. मला विचाराल तर ज्येष्ठांच्या बाबतीतली ही सगळ्यात मोठी चूक आहे. त्या पॉलिसीतल्या आधीच्या आजारांचा वेटिंग पीरियड केव्हाच संपलेला असतो. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवली या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. हे दोन्ही एका झटक्यात घालवायचे नाहीत.

तुमच्यापुढे दोन रस्ते आहेत.

पहिला, जुनी पॉलिसी तशीच ठेवून वर सुपर टॉप-अप घ्यायचा. जुनी ३ लाखांची असेल तर ३ लाख डिडक्टिबलचा, म्हणजे पहिले ३ लाख सोडून त्यावरचा खर्च देणारा, १० लाखांचा सुपर टॉप-अप. इथे 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' यांत गल्लत करू नका. समजा वर्षात दोनदा दाखल व्हावं लागलं आणि दोन्ही वेळा अडीच लाख बिल झालं. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक बिल वेगळं मोजलं जातं आणि एकही बिल ३ लाखांवर गेलेलं नाही, म्हणून काहीच मिळत नाही. सुपर टॉप-अपमध्ये वर्षाची बेरीज धरतात. पाच लाखांतले ३ लाख जुन्या पॉलिसीतून आणि उरलेले २ लाख सुपर टॉप-अपमधून येतात. सुपर टॉप-अपचा स्वतःचा वेटिंग पीरियड असतो, तो वेगळा तपासा.

दुसरा रस्ता पोर्टिंगचा, म्हणजे जुन्या वर्षांचं श्रेय घेऊन दुसऱ्या कंपनीत जाण्याचा. त्यासाठी नूतनीकरणाच्या तारखेआधी ६० ते ४५ दिवस या काळात अर्ज करावा लागतो. तीन महिने आधी सुरुवात करा म्हटलं ते यासाठीच. वेटिंग पीरियडचं श्रेय जुन्या विमा रकमेपुरतंच मिळतं, वाढवलेल्या रकमेला नव्याने थांबावं लागतं. आणि नव्या कंपनीवर तुम्हाला घेण्याचं बंधन नाही.

> इशारा: नव्या कंपनीचा होकार लेखी हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नका. तिची मुदत संपत आली असेल तर सरळ तिचंच नूतनीकरण करा आणि पोर्टिंग पुढच्या वर्षी बघा.

## पायरी ५: अटींचा तक्ता

आता कुठे पॉलिसींची तुलना सुरू होते. तीन, फार तर चार पॉलिसी निवडा. माहितीपुस्तिकेतली हसऱ्या आजी-आजोबांची चित्रं बाजूला ठेवा आणि प्रत्येक कंपनीकडून 'ग्राहक माहिती पत्रक' मागा. ते देणं कंपनीला बंधनकारक आहे आणि मागितल्यास मराठीतही मिळतं. त्यातून पुढचे रकाने भरा.

खोलीभाड्याची मर्यादा. ज्येष्ठांच्या बऱ्याच पॉलिसींत विमा रकमेच्या १ टक्का किंवा दिवसाला अमुक रुपये अशी अट असते. लोकांना वाटतं, खोली महाग घेतली तर भाड्याचा फरक तेवढा भरावा लागेल. तसं नसतं. त्याच प्रमाणात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, भूल, नर्सिंग हे सगळं कापलं जातं.

को-पे. मंजूर झालेल्या रकमेतला तुमचा वाटा. वीस टक्के ऐकायला बारीक वाटतं, पण तो प्रत्येक दाव्यावर आणि बहुधा आयुष्यभर लागतो.

या दोन अटी एकत्र आल्या की काय होतं ते आकड्यांत बघा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

सांधेरोपणाचं बिल ३ लाख रुपये. त्यात खोली ५ दिवस, दिवसाला ८ हजारांप्रमाणे ४० हजार. सर्जन, भूल, थिएटर, नर्सिंग १ लाख २० हजार. इम्प्लांट ८० हजार, औषधं ३५ हजार, तपासण्या १५ हजार. हातमोजे, मास्क वगैरे किरकोळ सामान १० हजार.

'अ' पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ५ हजार आणि को-पे २० टक्के. खोलीचे २५ हजारच मिळतात. सर्जन वगैरेंचे १ लाख २० हजार पाचास आठ या प्रमाणात ७५ हजारांवर येतात. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या या कपातीतून वगळलेल्या आहेत, म्हणून त्यांचे १ लाख ३० हजार पूर्ण धरतात. किरकोळ सामानाचं काही नाही. बेरीज २ लाख ३० हजार. त्यातून को-पेचे ४६ हजार वजा. कंपनी देते १ लाख ८४ हजार, आणि तुमच्या खिशातून जातात १ लाख १६ हजार.

'ब' पॉलिसीत खोलीची मर्यादा नाही, को-पे नाही. तुमच्या खिशातून फक्त किरकोळ सामानाचे १० हजार जातात.

'ब'चा हप्ता वर्षाला १५ हजारांनी जास्त आहे असं धरा. फरक एका शस्त्रक्रियेत १ लाख ६ हजारांचा, म्हणजे साधारण सात वर्षांच्या जास्तीच्या हप्त्याइतका. सात वर्षांत एकदा जरी असं बिल आलं तरी 'महाग' पॉलिसी स्वस्त ठरते. सत्तरीच्या माणसाला सात वर्षांत एकदा दाखल व्हावं लागेल का, याचा अंदाज पायरी २ चं टिपण बघून तुम्हालाच बांधता येईल.

वेटिंग पीरियड. तीन वेगवेगळे असतात आणि तिन्ही लिहायचे. सुरुवातीचे ३० दिवस, ज्यात अपघात सोडून काही मिळत नाही. ठरावीक आजारांसाठी, म्हणजे मोतीबिंदू, हर्निया, प्रोस्टेट, सांधेरोपण अशांसाठी, बहुतेक ठिकाणी दोन वर्षं. आणि आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षं. एप्रिल २०२४ च्या आधी हे चार वर्षांपर्यंत चालायचं, त्यामुळे इंटरनेटवरचे जुने लेख वाचून गोंधळू नका. काही कंपन्या जास्त हप्ता घेऊन हा काळ कमी करतात. मधुमेह आणि रक्तदाब असणाऱ्यांनी ते पैसे खर्च करावेत असं माझं मत आहे.

आजारनिहाय मर्यादा. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे किती, गुडघ्याला किती. पायरी ३ मधलं रुग्णालयाचं अंदाजपत्रक शेजारी ठेवून बघा.

बाकीचे रकाने झटपट भरता येतात: दाखल होण्याआधीचा आणि नंतरचा किती दिवसांचा खर्च मिळतो, किरकोळ सामानासाठी जोडपॉलिसी आहे का, आणि संपलेली विमा रक्कम पुन्हा भरली जाते तेव्हा ती त्याच आजाराला चालते का.

मोजपट्टी म्हणून आरोग्य संजीवनी पॉलिसीचा एक रकाना ठेवा. तिच्या अटी सगळ्या कंपन्यांकडे सारख्याच असतात: ५ टक्के को-पे, खोलीला विमा रकमेच्या २ टक्के पण दिवसाला ५ हजारांच्या वर नाही, आयसीयूला ५ टक्के पण १० हजारांच्या वर नाही, मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार यांतलं जे कमी असेल ते. 'खास ज्येष्ठांसाठी' म्हणून विकली जाणारी एखादी पॉलिसी याहून महाग आणि अटीही याहून कडक, असं दिसलं तर ती यादीतून काढून टाका.

दोघांची एकत्र की वेगळी? एकत्र पॉलिसीचा, म्हणजे फ्लोटरचा, हप्ता मोठ्या वयाच्या माणसावरून ठरतो आणि रक्कम दोघांत वाटली जाते. दोघांनाही आजार असतील तर वेगवेगळ्या पॉलिसी घ्या. मुलाच्या स्वतःच्या फ्लोटरमध्ये आईवडिलांना घालणं तर नकोच, त्याने सगळ्यांचाच हप्ता वर जातो.

## पायरी ६: आता हप्ता

यंदाच्या हप्त्यावर जाऊ नका. प्रत्येक पॉलिसीचा वयानुसार दरांचा पूर्ण तक्ता मागा आणि आजचं वय, पाच वर्षांनंतरचं आणि दहा वर्षांनंतरचं असे तीन आकडे लिहा. ६५ ला परवडणारा हप्ता ७५ ला पेन्शनच्या अर्ध्यावर जात असेल, तर नेमकी गरज पडेल त्या वयात पॉलिसी सोडावी लागते आणि आधी भरलेलं सगळं वाया जातं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. त्याआधीचं कोटेशन हाताशी असेल तर नवं मागून घ्या, नाहीतर तुलनाच चुकेल. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची असेल तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी असा नियम केला. मात्र हप्ता वाढणारच नाही, असा त्याचा अर्थ लावू नका.

जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना ज्येष्ठ आईवडिलांच्या हप्त्यावर वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते. हप्ता रोखीने भरला तर मिळत नाही.

आणि एक अप्रिय पण गरजेची गोष्ट. वय ७८, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी आणि हातात एकही पॉलिसी नाही, अशा वेळी मिळणाऱ्या पॉलिसीत भरमसाठ हप्ता, को-पे आणि तीन वर्षांचं थांबणं हे सगळं एकत्र येतं. अशा घरांनी वय वंदना कार्ड पक्कं करावं आणि हप्त्याएवढी रक्कम दरवर्षी वेगळ्या मुदत ठेवीत टाकावी. ठेव संयुक्त नावावर आणि दोघांपैकी कुणालाही मोडता येईल अशी हवी. वडील आयसीयूत असताना सही फक्त त्यांचीच चालते, असं व्हायला नको.

## पायरी ७: अर्ज स्वतः भरा

एजंटला कोऱ्या अर्जावर सही देऊ नका. ऑनलाइन अर्ज तो भरत असेल तर शेजारी बसा आणि ओटीपी सांगण्याआधी प्रत्येक पान वाचा. टिपणातला प्रत्येक आजार, प्रत्येक शस्त्रक्रिया लिहा. अर्जात जेवढ्या मागच्या काळाबद्दल विचारलं असेल तेवढं सगळं आलं पाहिजे.

"साखर लिहू नका, हप्ता वाढेल" असा सल्ला कुणी दिला तर तिथेच थांबा आणि माणूस बदला. दावा अडकेल तेव्हा कंपनीपुढे तुमची सही असते, त्याची नाही. हप्त्यातून परस्पर सूट किंवा कमिशन परत देतो म्हणणाऱ्यालाही नको म्हणा, तसं देणं-घेणं कायद्याने बंद आहे.

मुलगा परदेशात असेल तर अर्जात मोबाइल क्रमांक पुण्यातला द्या. कंपनीचा पडताळणीचा फोन आईवडिलांना येतो. त्या दिवशी टिपण हातात घेऊनच बोलायचं.

> तपासा: भरलेल्या अर्जाची पूर्ण प्रत, वैद्यकीय तपासणीचे रिपोर्ट आणि एजंटशी झालेले व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश एका फोल्डरमध्ये ठेवले का?

## पायरी ८: पॉलिसी आल्यावर पहिले ३० दिवस

पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. हे दिवस वाचण्यासाठी आहेत. नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का? तुम्ही सांगितलेले सगळे आजार पॉलिसीत नोंदले आहेत का? एखादा राहिला असेल तर आजच ई-मेल करून दुरुस्ती मागा. को-पे आणि खोलीची मर्यादा तुमच्या तक्त्याशी जुळते का? वारसाचं नाव बरोबर आहे का?

हेल्थ कार्डाच्या दोन छापील प्रती काढा. एक पाकिटात, एक टिपणाशेजारी. मोबाइल लॉक असताना अ‍ॅपमधलं कार्ड कुणाच्या उपयोगाचं नसतं.

## पायरी ९: दाखल होताना आणि दावा अडला तर

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेची सूचना किमान ४८ तास आधी द्या. तातडीच्या वेळी पॉलिसीत दिलेल्या मुदतीत, साधारण २४ ते ४८ तासांत, कळवा. खोली घेताना मर्यादा आठवा. "सेमी-प्रायव्हेट शिल्लक नाही, डिलक्स घ्या" असं सांगितलं तर मर्यादेतली खोली रिकामी होताच हलवा, अशी लेखी विनंती टीपीए डेस्कला द्या.

कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर होऊन रुग्णालयाने जास्तीचं बिल लावलं तर ते कंपनीने सोसायचं, असा २०२४ पासून नियम आहे. विनंती किती वाजता गेली ते लिहून ठेवा. डिस्चार्ज समरी घरी नेण्याआधी वाचा. आजार किती वर्षांपासून आहे तो आकडा चुकला असेल तर तिथेच, डॉक्टरांच्या सहीने, दुरुस्त करून घ्या.

दावा नाकारला तर तोंडी उत्तरावर थांबू नका. कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा, सोबत आयआरडीएआयच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निकाल तिथे होतो. कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत अर्ज करायचा. सोबत पायरी २ चं टिपण, निदानाचा मूळ कागद आणि अर्जाची प्रत जोडा.

नूतनीकरणाची तारीख मुलाच्या आणि आईवडिलांच्या अशा दोन्ही फोनमध्ये घाला. वार्षिक हप्ता भरायला ३० दिवसांची जादा मुदत असते आणि तेवढ्यात भरला तर जुनी वर्षं टिकतात. पण मुदत संपल्यापासून हप्ता भरेपर्यंतच्या दिवसांत दाखल व्हावं लागलं, तर त्याचे पैसे मिळत नाहीत.